कानामागची टिकली

हेमांगी मगदूमला वकील हवा होता, पण मिरजेतला नको होता. मिरज हे डॉक्टरांचं गाव. इथे माणसाला काय झालंय ते त्याच्याआधी शेजाऱ्याला कळतं. पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्या बाईचं दिवाळं निघालंय, ही बातमी तर रिपोर्टाच्याही आधी घरोघर पोचली असती. म्हणून तिने फोनमधल्या यांत्रिक वकिलाला विचारलं. त्याने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिची सगळी खाती वाचली आणि लाडात येऊन सांगितलं, की काम अगदी सरळ आहे, फक्त कायद्याप्रमाणे तिच्याच जिल्ह्यातल्या हाडामांसाच्या वकिलाची सही लागेल. मग त्याने जवळचे वकील दाखवले. पहिलंच नाव ॲडव्होकेट इरफान मुजावर यांचं होतं.

मुजावर वकील तिच्या लॅबच्या मागच्या गल्लीत राहत. त्यांची साखर ती कित्येक वर्षं तपासत आली होती. पोलिसांच्या भीतीने पळावं आणि पोलिसचौकीच्या भिंतीवर डोकं आपटावं, तसं झालं.

"या मॅडम, बसा," मुजावर म्हणाले. तिने काय ते सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू का, तुमच्या लॅबात मीही दोन वर्षं फिरकलो नाही. पोरीनं हे बांधलं मनगटाला."

त्यांच्या मनगटावर तो पातळ पट्टा होता. आता तो सगळ्यांच्याच मनगटावर होता. कातडीतून उजेडाचा एक बारीक किरण आत जातो, रक्तावर आपटून परत येतो, आणि परत आलेल्या उजेडावरून साखर, चरबी, लोह सगळं कळतं. सुई नाही, रांग नाही, उपाशीपोटी येणं नाही. हा पट्टा बाजारात आला त्याच्या आदल्याच वर्षी हेमांगीने कर्ज काढून जर्मनीहून मोठं तपासणी यंत्र आणलं होतं. तिचा नवरा अजित नुकताच गेला होता. लॅब मोठी करायची हे त्याचं स्वप्न होतं, आणि मेलेल्या माणसाच्या स्वप्नाला नाही म्हणणं फार कठीण असतं.

"वाटा दोन आहेत," मुजावर म्हणाले. "पहिली फेडीची योजना. कर्ज देणाऱ्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं, व्याज कापून घ्यायचं, हप्ता लहान करून घ्यायचा. सात वर्षं तुम्ही कुठंतरी नोकरी करायची आणि निम्मा पगार तिकडं द्यायचा. दुसरी वाट दिवाळखोरीची. आहे ते सगळं देऊन टाकायचं, उरलेलं कर्ज कायद्यानं पुसलं जातं. सहा महिन्यांत तुम्ही मोकळ्या."

"मग दुसरीच बरी की."

"तुमच्यापुरती बरी. तुमचं पुसलं म्हणून जामीनदाराचं पुसत नाही. बँक त्याच्या दारात जाते. जामीन कोण राहिलंय?"



"अक्का," ती म्हणाली. "माझ्या नणंदबाई."

नणंद-भावजयीचं कधी पटू नये अशी आपल्याकडची रीत. ती या दोघींनी मोडली होती. अजितपेक्षा आठ वर्षांनी मोठी असलेली ही वैशालीअक्का तोंडाने फटकळ, पण मनात एक आणि ओठांवर दुसरं असं तिचं कधी नव्हतं. बँकेने जामीनदार मागितला तेव्हा अजितचे सख्खे चुलतभाऊ फोन उचलेनासे झाले. अक्काने नवऱ्याला न विचारता मालगाव रस्त्यावरचा आपला फ्लॅट जामिनाला लावला आणि वर सुनावलं, "सही केली म्हणून उपकार केले नाहीत हं. माझ्या भावाच्या नावाची पाटी आहे त्या लॅबवर."

"दुसरं एक विचारतो," मुजावर म्हणाले. "दिवाळखोरीत मागच्या दोन वर्षांत नातलगांना काय काय दिलं, ते सगळं उकरून काढतात. दिलेलं असलं तर परत घेतात. तसलं काही आहे?"

तसलं एक होतं. हप्ते थकायला लागले तेव्हा अक्काने आईकडून आलेल्या आपल्या पाटल्या हातातून उतरवून दिल्या होत्या, गहाण टाकायला. हेमांगीने जर्मन यंत्राचे सुटे भाग विकून सगळ्यांत आधी त्या सोडवल्या. पण माहेरवाशिणीला सोनं परत कसं करायचं? 'घ्या तुमचं' म्हणून हातावर ठेवलं, तर तिने माहेराला कर्ज दिलं होतं असा त्याचा अर्थ होतो. म्हणून दिवाळीत अक्का आली तेव्हा हेमांगीने तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, आणि तांदळाखाली पाटल्या. खरं तर विधवेने ओटी भरायची नसते. अक्काच्या सासूबाई सोबत आल्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. अक्काने पदर पसरला आणि म्हणाली, "भर गं. माझं माहेर म्हणजे आता तूच."

मुजावरांनी हे सगळं ऐकून घेतलं. "ओटी कायद्याला कळत नाही. कायदा म्हणणार, बुडायच्या बेतात असलेल्या बाईनं इतरांना डावलून नणंदेला सोनं दिलं. त्यापेक्षा योजना घ्या. तिथं हा प्रश्न कोणी विचारत नाही."

"योजनाच," हेमांगी म्हणाली. "सात काय, दहा वर्षं भरीन. अक्काला धक्का लागता कामा नये."

"मग एवढं ऐका. सुनावणी होईपर्यंत ती टिकली लावून घेऊ नका. तिथं तुम्हाला तोंडी विचारतात, योजना का दिवाळखोरी. ते शुद्धीत असताना सांगा."

"टिकली लावून माणूस बेशुद्ध होतो का?"

"तसं नाही हो," मुजावर म्हणाले. "कसं सांगू? मी पाहिलंय, एवढंच. लावू नका."

सरकारी कागदावर तिचं नाव ताणशामक साधन असं होतं. मिरजेत तिला सगळे टिकली म्हणत. कपाळावरच्या टिकलीएवढीच, कातडीच्या रंगाची, कानामागे चिकटवायची. कानापाशी एका मोठ्या नसेची बारीक फांदी कातडीच्या अगदी जवळ येते. ही नस हृदय, फुप्फुसं, पोट यांच्या खबरा मेंदूला पोचवते. छातीत धडधडतंय, पोटात गोळा आलाय, हे मेंदूला तिच्याकडून कळतं आणि मग मेंदू घाबरतो. म्हणजे आधी शरीर घाबरतं आणि मन मागून. टिकली त्या फांदीला विजेचे अगदी हलके ठोके देत राहते, आणि वर मेंदूला खबर जाते, की खाली सगळं ठीक आहे.

कर्जात बुडालेल्या माणसाची निम्मी अक्कल भीतीतच खर्च होते, हे संशोधकांनी दाखवून दिलं होतं. अशी माणसं एक कर्ज फेडायला दुसरं काढतात, खोटं बोलतात, विष घेतात. टिकली लावल्यावर तीच माणसं शांतपणे हिशेब करू लागली, खरं सांगू लागली. खोटं बोलायला पकडलं जाण्याची भीती लागते, आणि तीच राहिली नव्हती. मग नवा दिलासा कायदा आला. टिकली लावली की त्या क्षणापासून वसुली बंद. ना फोन, ना नोटीस, ना दारात माणूस. प्रकरण संपेपर्यंत ती काढायची मात्र नाही. काढली की संरक्षण गेलं.

इतकं सगळं चांगलं होतं. लक्षात एवढंच आलं नव्हतं, की लाजही त्याच नसेने वर जाते. कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवताना पोटात होणारी कालवाकालव, आपल्यामुळे कुणाला लागलं तर घशात येणारा आवंढा, हे सगळे त्याच वाटेचे वाटसरू. टिकली बिचारी भीती तेवढी अडवून लाजेला पुढे सोडणार कशी?

हेमांगीने महिनाभर दम धरला. वसुलीचे फोन आता माणसं करत नसत. यंत्र करत असे, आणि ते दमत नसे. तिने फोन बंद ठेवला तेव्हा ते तिच्या शाळेतल्या मैत्रिणींना फोन करू लागलं, अत्यंत सभ्य भाषेत, 'हेमांगीताईंची काळजी वाटते' म्हणून. तिची झोप उडाली. जेवण जाईना. एके दिवशी दुपारी त्या यंत्राने अक्काच्या सासूबाईंना फोन केला, आणि अक्काने ती गोष्ट हसत हसत सांगितली. ते हसणं हेमांगीला सोसलं नाही. ती तडक सरकारी दवाखान्यात गेली आणि टिकली लावून आली.

मुजावरांचं बोलणं ती विसरली नव्हती. तिला वाटलं, योजना तर ठरलेलीच आहे, आपला शब्द कुठे पळून जातोय?

त्या रात्री ती पोटभर जेवली आणि गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी तिने लॅबमधली फडताळं आवरली. लॅबवरची अजितच्या नावाची पाटी उतरवायला दोन माणसं आली. खिळे गंजले होते, एक माणूस हातोड्याने पाटी ठोकून सैल करत होता. ती खाली उभी राहून बघत होती. पाटी मधोमध चिरली. "राहू दे का सांभाळून?" माणसाने विचारलं. तिला सांभाळण्याचं कारण आठवेना. "नको," ती म्हणाली, "जागा अडेल."

अक्का अधूनमधून डबा घेऊन यायची. "बरी दिसतीस गं आता," एकदा म्हणाली. "पण बोलत का नाहीस?" हेमांगीला बोलण्यासारखं काही सुचत नव्हतं. तिला वाईटही वाटत नव्हतं आणि चांगलंही वाटत नव्हतं. भाजीत मीठ कमी होतं, तेवढं तिने सांगितलं.

सुनावणी श्रावणात झाली. खोली लहान, खुर्च्या लोखंडी, समोर अधिकारी बाई, त्यांच्यापुढे संगणकाचा पडदा. जामीनदार म्हणून अक्का आली होती. सुनावणी म्हणजे काहीतरी शुभकार्य असावं तशी ती इस्त्रीची साडी नेसून आली होती. हातात पाटल्या होत्या. मुजावरांनी हेमांगीच्या कानामागे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"लावलीत शेवटी! बरं, आता एकच करा. विचारलं की 'योजना' म्हणायचं. दुसरं अक्षर बोलायचं नाही."

"हो," हेमांगी म्हणाली. तिचा तोच विचार होता.

अधिकारी बाईंनी दोन्ही वाटा पुन्हा समजावून सांगितल्या. आवाज दमलेला होता, दिवसातलं हे कितवं प्रकरण कोण जाणे. मग त्यांनी विचारलं, "अर्जदाराची निवड काय? योजना की दिवाळखोरी?"

हेमांगीने विचार केला. खूप दिवसांनी डोकं इतकं स्वच्छ होतं. सात वर्षं निम्मा पगार, की सहा महिन्यांत सुटका? ती योजना का म्हणणार होती, ते तिला आठवत होतं. अक्कासाठी. ते कारण तिला समोर दिसतही होतं, पण त्याला वजन नव्हतं. रिकाम्या बाटलीवर नुसती चिठ्ठी चिकटवलेली असावी, तसं ते होतं.

"दिवाळखोरी," ती म्हणाली.

"मॅडम!" मुजावर अर्धे उठले. "बाई, माझ्या अशिलानं टिकली लावलेली आहे. आधी तिचं म्हणणं वेगळं होतं."

"टिकली लावलेल्या माणसाचंच म्हणणं कायदा जास्त विश्वासाचं मानतो, वकीलसाहेब. तुम्हाला माहीत आहे." बाई हेमांगीकडे वळल्या. "मागच्या दोन वर्षांत कुणा नातलगाला काही दिलंय?"

"हो. नणंदेला पाटल्या दिल्या. दिवाळीत, ओटीतून."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. सुरुवातीला तिला वाटलं, पोर गोंधळली. "अगं हेमा, काय बोलतीस? कळतंय का तुला?"

"कळतंय, अक्का."

"त्या विकून मी जामीन सोडवणार होते गं. बँकेचा माणूस कबूल झालाय, एकरकमी भरा नि मोकळ्या व्हा म्हणून. तेवढ्यासाठी ठेवल्यात. त्या गेल्या तर माझं घर जाईल."

"जाण्याची शक्यता आहे," हेमांगी म्हणाली.

अधिकारी बाईंनी पडद्यावर काहीतरी नोंदवलं आणि मान वर न करता सांगितलं, की दागिना अर्जदाराच्या मालमत्तेत धरला जाईल, आज जमा केला तर पुढचा त्रास वाचेल. अक्काने पाटल्या काढायला घेतल्या. वयाने हात जाड झाले होते, त्या निघेनात. शिपायाने साबणाचं पाणी आणून दिलं. अक्का रडत नव्हती, पण तिचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. हेमांगी बघत होती. अक्काच्या मनगटाची कातडी लाल झालीय, हे तिच्या लक्षात आलं. पाणी थोडं कोमट असतं तर लवकर निघाल्या असत्या, असं तिला वाटलं. दुसरं काही वाटलं नाही.

बाहेर पडताना अक्का तिच्याजवळ थांबली. "माझा भाऊ आज दुसऱ्यांदा मेला," ती म्हणाली आणि एकटीच रिक्षात बसून गेली.

मुजावरांनी फी घेतली नाही. हेमांगीने एकदा विचारलं, त्यांनी मान हलवली, तिने पुन्हा विचारलं नाही.

माघात तिचं कर्ज पुसलं गेलं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने चिमट्याने टिकली काढली, खाली राहिलेला डिंक स्पिरिटने पुसला. "घरी कोण आहे? पहिले दोन दिवस एकट्या राहू नका."

"कुणी नाही," हेमांगी म्हणाली. तेव्हाही ते तिने नुसतं माहितीसारखं सांगितलं.

रिक्षा स्टेशनच्या चौकात वळली तेव्हा तिच्या बोटांना मुंग्या आल्या. मग पोटात काहीतरी ढवळलं. तिला वाटलं, उन्हाने होतंय. आणि मग एकदम, इतके महिने दाराबाहेर ताटकळलेलं सगळं एकाच वेळी आत घुसलं. चिरलेली पाटी. लाल झालेलं मनगट. 'जाण्याची शक्यता आहे.' हे आपण म्हणालो? या तोंडाने? तिने रिक्षा थांबवली आणि रस्त्याकडेला वाकून ओकली. रिक्षावाल्याने पाण्याची बाटली दिली. "कुठं सोडू ताई? दवाखान्यात?"

"मालगाव रस्त्याला," ती म्हणाली.

वाटेत तिने सगळं ठरवलं. पाय धरायचे. अक्का दार लावून घेईल, तर दारात बसायचं. ती मारेल तर मार खायचा. अक्काच्या शिव्या गल्लीत प्रसिद्ध होत्या. त्या सगळ्या आज आपल्याला हव्यात, एकही कमी नको. एवढं मिळालं तरच आपण पुढे जगू शकू, हे तिला लख्ख कळत होतं.

अक्कानेच दार उघडलं. खोलीत खोकी भरून ठेवली होती, भिंतीवरचं घड्याळ उतरवलेलं होतं.

"हेमा होय? ये की. बस. चहा टाकते."

हेमांगी उंबऱ्यातच खाली बसली आणि तिने अक्काचे पाय धरले. तिला नुसते हुंदके येत होते. अक्काने खाली वाकून तिला उठवलं. वाकताना तिचा अंबाडा पुढे आला, आणि कानामागची टिकली हेमांगीला दिसली.

"जामीनदारालाही देतात आता," अक्का म्हणाली. "मला माहीतच नव्हतं. तुझ्या वकिलांनीच सांगितलं. भला माणूस आहे हं तो. आधी नकोच म्हणत होता, पण फोन फार यायला लागले, मग मीच लावून घेतली."

"अक्का, मला शिव्या द्या. मारा मला. पण हे असं बोलू नका."

"कसं?"

"हे असं! सरळ!"

अक्काने विचार केला. मनापासून केला, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "राग होता गं माझ्याकडं. लई होता. दिवाळीपर्यंत झोप नव्हती मला. तुझं तोंड बघणार नाही म्हणून देवापुढं बोलले होते. आता तो कुठं गेला तेच कळत नाही. शोधते कधीकधी."

"काढा ती. एक मिनिट काढा, अक्का. एक मिनिट माझ्यावर ओरडा आणि परत लावा."

"काढली की संध्याकाळी वसुलीवाले दारात. घराचं अजून ठरायचंय. तुला तर माहीत आहे सगळं." अक्का आत गेली. भांड्यांचा आवाज आला, आलं ठेचल्याचा आवाज आला. दोन कप घेऊन ती बाहेर आली आणि हेमांगीसमोर खोक्यावर बसली. हेमांगी रडत होती. अक्का तिच्याकडे शांतपणे बघत होती, पाऊस थांबायची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"चहा घे, गार होईल," ती म्हणाली. "आषाढात निघेल म्हणालेत माझी. तेव्हा ये. मग भांडू."

हेमांगीने कप उचलला. निम्मा चहा बशीत सांडला.

"नक्की ये," अक्का म्हणाली, आणि आपल्या कपातला थोडा चहा तिने हेमांगीच्या कपात ओतला.